एक गाठ, दोन गाठी

सातपूरच्या एका कारखान्यात मी गेली पंचवीस वर्षं तयार भाग तपासण्याचं काम करतो. काम तसं सोपं आहे. मापाच्या साच्यात, म्हणजे गेजमध्ये, भाग बसला तर हिरव्या क्रेटमध्ये टाकायचा, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. बसला की नाही अशी शंका आली, तरीही लालच. खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते मी अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटायला नको.

त्र्यंबकच्या बाजूला डोंगरावर एक पठार आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथे एक लहानसं फुलझाड उगवतं, आणि त्याचे कंद खणून नेणारे लोक आहेत. जागा कुणाला सांगायची नाही, असं सरांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. त्यांचं तेवढं तरी ऐकलं आहे.

सर म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, मी डिप्लोमावाला. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून दर रविवारी डोंगर चढू लागलो होतो. एकदा श्रावणात वर पोचलो तर एक माणूस ओल्या गवतात पालथा पडलेला. मला वाटलं, चक्कर आली. धावत गेलो.

"काका, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"मला उत्तम वाटतंय. तू तुझा डावा पाय उचल."

उचलला. बुटाखाली एक वीतभर उंचीचं रोप चिखलात आडवं झालं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी सरळ केलं, बुडाशी माती दाबली आणि म्हणाले, "वाचेल बहुतेक. आता आलाच आहेस तर बस. पण बसायच्या आधी खाली बघ."

मी खाली बघून बसलो. त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात त्यांच्याबरोबर जात राहिलो.

ते फूल कंदीलपुष्प. नाव शोभतं त्याला. खाली फुगीर तळ, वर बारीक नळी आणि शेंड्याला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला छोटासा पिंजरा. बारीक माश्या आत शिरतात आणि काही काळ अडकून पडतात. त्या पठारावर कंदीलपुष्पाच्या दोन जाती आहेत. एक पठारभर सापडते, आजूबाजूच्या डोंगरांवरही सापडते. आणि एक फक्त पठाराच्या पूर्वेच्या कडेला, दोन खोल्यांच्या घराएवढ्या जागेत. सरांनी नोकरी लागल्यावर पहिल्या काही वर्षांतच ती शोधली होती. तेव्हापासून ते दरवर्षी तिथली रोपं मोजत.

गवतासारखी पानं दोन्हींची सारखी. खोड सारखं, कंद सारखा, शेंगही सारखी. फरक फक्त फुलात, आणि फूल टिकतं चार-पाच दिवस. कडेवरच्या दुर्मीळ फुलाचं टोक आखूड, पठारभर सापडणाऱ्याचं जरा लांब. सर कडेवरच्या जातीला "आपली" म्हणत, पठारभरच्या जातीला "दुसरी". पण टोकावर सरांचा विश्वास नव्हता. ते म्हणत, टोक फसवतं, आत बघ. फुलाच्या तळाशी पाच बारीक दांड्या असतात. आपलीत त्या सरळ उभ्या राहून टोकांना एकमेकींना टेकतात, दुसरीत बाहेर वळतात. ते बघायचं तर ब्लेडने फुलाच्या पोटाला खिडकी पाडावी लागते आणि भिंग डोळ्याला लावावं लागतं. म्हणजे खात्री करायची तर ते फूल गेलंच. सर एका फेरीत दोनच फुलं कापू द्यायचे. कापून झालं की त्या रोपाला "माफ कर बाबा" म्हणायचे, चेष्टेत नाही.

त्यांची एक जाड वही होती. ज्याची खात्री ते शाईने, ज्याची शंका ते पेन्सिलने. पुढच्या वर्षी फूल दिसलं की पेन्सिलचं खोडून वर शाईने लिहायचे. मी त्यांना म्हणायचो, "सर, आमच्या खात्यात तुम्हाला घेतलं असतं." त्यावर ते म्हणायचे, "तुमच्याकडे पेन्सिल चालत नाही. मी उपाशी मेलो असतो."

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही. कडेचं दिसायचं, मधलं जायचं. समोरचा माणूस कोण ते कळत नसे, पण त्याच्या बाजूची खुर्ची दिसे. त्याच सुमारास पठारावर गर्दी वाढली. रविवारी फोटो काढायला येणारे लोक पूर्वेच्या कडेवर उभे राहू लागले, कारण ढग तिथून छान दिसतात. चाळीसएक रोपं होती ती दोन वर्षांत निम्म्यावर आली.

एका संध्याकाळी सरांनी मला घरी बोलावलं, आपलं भिंग माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "या वर्षी फुलल्यावर आपल्या पाच-सहा झाडांना खूण कर. दिवाळीनंतर शेंगा वाळतील, त्या काढून आण. गच्चीत रोपं करू आणि मोकळ्या जागी परत लावू. गच्चीत फूल बघितल्याशिवाय मात्र वर न्यायचं नाही. दोन वर्षं लागोत, चार लागोत."

"हो सर."

"आणि खूण रंगाची नको. दोऱ्याला गाठी मार. आपलीला एक गाठ, दुसरीला दोन गाठी. पावसात रंग राहत नाही, गाठ राहते."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नातसुद्धा यांनी एवढ्या सूचना नव्हत्या दिल्या हो गाठीबद्दल."

सगळे हसलो. मला वाटतं त्या हसण्यातच ते गाठींचं वाक्य माझ्याकडून निसटलं. पण हे खरं नाही. मला वाक्य आठवत होतं. ऑगस्टमध्ये वर गेलो तेव्हा पाऊस आडवा येत होता, बोटं गारठली होती आणि काडीएवढ्या खोडाला दोन गाठी मारताना एक रोप मोडलं. मग मी विचार केला, दोन रंगांचे दोरे आहेत, पुरे. लाल दोरा त्र्यंबकच्या दुकानातून घेतलेला, देवाला वाहतात तो. पांढरा घरच्या शिवणाच्या डब्यातला. लाल आपलीला, पांढरा तिथेच आपलीला लागून उगवलेल्या दुसरीला. दुसरीला तरी कशाला बांधला? तुलना करायला. मला पुढे-मागे पानांवरून ओळखता यायला हवं होतं. सरांनाही जे जमत नाही ते आपल्याला जमावं, अशी एक हाव होती.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा गवत पिवळं पडलं होतं. रोपं वाळून काड्या झालेल्या, प्रत्येकीवर टाचणीसारख्या शेंगांची जोडी. दोरे होते, पण सगळे एकाच रंगाचे. देवाचा लाल दोरा धुऊन फिका पडला होता, आणि पांढरा चिखलाने लालसर झाला होता. मी एकेक दोरा थुंकीने ओला करून, बोटावर घासून बघितला. दोन दोरे लालच होते, तेवढी खात्री होती. बाकीच्यांबद्दल काहीही सांगता येत नव्हतं.

दोन रोपांच्या शेंगा घेऊन परत यायला हवं होतं. पण दोन रोपांच्या शेंगांत बिया किती असणार? सरांच्या हातात काय ठेवणार? मी उकिडवा बसून डोकं चालवलं. हे रोप दगडाजवळ होतं, म्हणजे आपलीच असणार. हे जरा बुटकं, तेही आपलीच. अशी सहा रोपं मी "आपली" ठरवून टाकली आणि शेंगा एकाच पाकिटात भरल्या. एक शेंग तिथेच फुटली आणि रेशमाची शेपटी लावलेली बी, लहानपणी आम्ही म्हातारी म्हणायचो तशी, उडून गेली. मी तिच्यामागे दहा पावलं पळालो.

गच्चीत दह्याच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून बिया पेरल्या. उगवल्या. पहिल्या वर्षी गवताची काडी, हिवाळ्यात नाहीशी. दुसऱ्या पावसाळ्यात परत वर आली, जरा जाड. फूल एकालाही नाही. सर दर आठवड्याला फोन करायचे. त्यांचा आवाज तेव्हा थकलेला असायचा, मधलं काळं वर्तुळ मोठं होत चाललं होतं. जुलैतल्या एका फोनवर त्यांनी विचारलं, "फूल?"

आणि मी म्हणालो, "आलं सर. एकाला आलं."

"आत बघितलंस?"

"बघितलं. दांड्या सरळ आहेत."

 मग त्यांनी काकूंना हाक मारलेली ऐकू आली, "अगं, आलं फूल!" काकू काहीतरी बोलल्या. सर परत फोनवर आले आणि म्हणाले, "मग ने वर. पाऊस आहे तोवर ने."

मी हे का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांना आनंद द्यायचा होता असं मी स्वतःला सांगत आलो. पण शाबासकी मला हवी होती, आणि त्यांची नजर जायच्या आत हवी होती. नजर गेल्यावर त्यांना काय दिसणार होतं, हा विचार मी केला नाही. किंवा केला असेल. तोच केला असेल.

बावीस रोपं मी पूर्वेच्या कडेला नेऊन लावली, जुन्या रोपांच्या मधल्या फटींत. खूण ठेवली नाही. खूण दिसली की खणणारे येतात, हा सरांचाच नियम.

पुढच्या ऑगस्टमध्ये ती फुलली. मी लांबूनच ओळखलं असं म्हणवत नाही. जवळ गेलो. आखूड टोकांच्या कंदिलांमध्ये लांब टोकांचे कंदील उभे होते. एक कापलं. दांड्या बाहेर वळलेल्या. दुसरं कापलं. बाहेर. दोनच कापायची हा नियम होता, मी तिसरंही कापलं. बाहेर. साऱ्या जगात एवढ्याच जागेत ती जात उरली होती, आणि तिच्या मधोमध मी तिची बहीण आणून बसवली होती. त्या बारीक माश्या पराग घेऊन यातून त्यात जाणार, त्यातून यात.

तिथे गुरं चारणाऱ्या एक मावशी आहेत. सरांना तरुणपणापासून ओळखतात. त्या काठी टेकून उभ्या राहिल्या.

"काय हो, आज एकलेच? म्हतारं कुठं हाय?"

"घरी आहेत. मावशी, तुम्हाला ही दोन वेगळी ओळखू येतात का? फूल नसताना?"

त्यांनी वाकून बघितलं. "फूल नसताना? गवातच हाय ते. आम्ही पोरं असताना खणून खायचो कंद. दोन्ही गोडच लागायचं. एवढं बघू नका त्याच्याकडं, नजर लागंल."

मला वाटलं होतं, त्यांना तरी काही ठाऊक असेल. नव्हतं.

मग मी उपटायला लागलो. लांब टोकाची जेवढी दिसली तेवढी.  अकरा उपटली. अकराव्याचं टोक लांब नव्हतं, आखूडही नव्हतं. उपटून झाल्यावर मी ते फूल कापलं. दांड्या सरळ उभ्या होत्या, टोकांना टेकलेल्या. ते जुनं रोप होतं, आपलं. त्याचा कंद माझ्या मुठीत होता, सुपारीएवढा, ओला. मी तो परत पुरला, माती दाबली, ओंजळीने पाणी घातलं. पुढच्या वर्षी तिथे काही उगवलं नाही.

त्यानंतर मी कशालाच हात लावला नाही. जी फुलली नव्हती त्यांतली माझी कुठली आणि जुनी कुठली हे कळायला मार्ग नव्हता. काढायला गेलो तर खरी जाणार, ठेवली तर खोटी वाढणार. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सरांना सांग." मी म्हणालो, "सांगतो." दोन वर्षं गेली. दर आठवड्याला फोन यायचा. "कशी आहे आपली?" "छान आहे सर." कारखान्यात शंकेचा एकेक भाग लाल क्रेटमध्ये टाकताना मला घाम फुटायचा.

मग सर म्हणाले, मला एकदा वर यायचंय. मी पाऊस सांगितला, शेवाळ सांगितलं, वाट वाहून गेली असं खोटंच सांगितलं. शेवटी काकूंचा फोन. "घेऊन जा रे एकदा. नाहीतर यांना मीच पाठीवर घेऊन निघेन, आणि मग दोघांनाही उचलायला तुलाच यावं लागेल."

चढायला चार तास लागले. कडेचं दिसत असल्यामुळे वाट त्यांना कळत होती, मधूनमधून हात धरायचे. वर मावशी भेटल्या. म्हणाल्या, "आलं का म्हतारं! मला वाटलं गेलासा." सर म्हणाले, "तुझ्या म्हशी बघायला आलो. तू अजून मेली नाहीस?" दोघं लहान मुलांसारखी हसली.

पूर्वेच्या कडेला सर गुडघ्यांवर बसले, आधी हाताने जागा चाचपून. एक रोप सापडलं. बोट खोडावरून वर नेत फुलापर्यंत नेलं आणि थांबवलं. "हे कसलं? टोक सांग."

त्यांना दिसत नव्हतं. मी जे सांगेन तेच त्या फुलाचं टोक होणार होतं. आखूड म्हटलं असतं तर ते हसले असते, आम्ही डबा खाल्ला असता आणि खाली उतरलो असतो.

"लांब आहे, सर."

"कडेला एखादं येतं कधी. दुसरं बघ."

"हेही लांब आहे."

"आत बघ."

मी ब्लेड काढलं. खिडकी पाडली. भिंग त्यांचंच होतं. "बाहेर वळलेल्या आहेत."

सरांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. पुढचं मी न विचारता सांगितलं. दोरे, थुंकीने घासलेले रंग, सहा रोपं, न आलेलं फूल, अकरा उपटलेली, त्यातलं एक. ते समोर बघत होते, म्हणजे माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना माणूस बघायचा असला की मान वळवून बाजूला बघावं लागायचं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन वर्षं झाली."

"गाठी सांगितल्या होत्या ना रे मी?"

"हो सर."

 ढग आले, गेले. मी विचारलं, "आता काय करायचं?" मला खरंच वाटत होतं की त्यांच्याकडे काहीतरी उपाय असेल. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते.

"मला नाही माहीत," सर म्हणाले.

उतरताना त्यांनी माझा हात धरला, कारण धरल्याशिवाय उतरता येत नव्हतं. त्याचा मी दुसरा काही अर्थ लावत नाही. मला क्षमा मिळाली असं मी कुणाला सांगितलेलं नाही.

फोन काही महिने आला नाही. मग एकदा काकूंनी केला, मग सरांनी. आता ते "कशी आहे आपली" असं विचारत नाहीत. "काय दिसलं" असं विचारतात, आणि मी दिसलं तेवढंच सांगतो.

या ऑगस्टमध्ये परत गेलो होतो. मी लावलेल्या जागांपासून हातभर अंतरावर एक नवीन रोप पहिल्यांदा फुललं होतं. टोक मधल्या लांबीचं. कापलं. पाच दांड्यांपैकी तीन सरळ, दोन बाहेर झुकलेल्या, जणू दोन्ही जाती एकाच फुलात. मी भिंग पुसून पुन्हा बघितलं. तसंच. ज्या एका खडकावर फोनला रेंज मिळते तिथे जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. "घरी ये," म्हणाले. "वही काढून ठेवतो."

काकूंनी वही टेबलावर ठेवली होती, पेन आणि पेन्सिल शेजारी. सर खुर्चीत टेकून बसले होते. मी शेवटचं पान उघडलं. त्यांच्या अक्षरातली शेवटची नोंद कलती, ओळ सोडून गेलेली होती. तिच्याखाली मी महिना लिहिला, जागा लिहिली, टोक लिहिलं, दांड्या लिहिल्या. पुढे जातीच्या रकान्यात हात थांबला.

"काय लिहिलंस?"

"प्रश्नचिन्ह."

"पेनने की पेन्सिलने?"

"पेन्सिलने, सर."

 स्वयंपाकघरात काकूंनी नळ बंद केला.

"खोड ते," सर म्हणाले. "तेच शाईने लिही."